जुनी जीप घेण्याआधी खाली वाकून पाहा

मुंबईत परळ आणि नायगाव यांच्या शेजारी भोईवाडा नावाची आमची वस्ती आहे. नाव ऐकून पुष्कळ जण विचारतात, की तिथे भोई राहतात काय? भोई म्हणजे पालखी वाहणारा, आणि नदीत, खाडीत मासे धरणाराही. आज वस्तीत पालखी दिसत नाही. दिसतात त्या चाळी, उंच इमारती, मॅजिस्ट्रेटचे कोर्ट, पोलीस ठाणे, आणि गल्लीच्या कडेला एकीला एक लागून उभ्या केलेल्या मोटारी. परंतु मोटारीविषयी दोन शब्द सांगायचे तर हे नाव फार सोयीचे आहे. पालखीकडे पाहणाऱ्याचे लक्ष मखमलीकडे आणि गोंड्यांकडे जाते. भोयांच्या खांद्याकडे कोण पाहतो? आणि तरीही एका भोयाचा पाय लचकला, की पालखी आणि तिच्यात बसलेला माणूस, दोघेही जमिनीवर येतात.

मोटारीत हे भोयाचे काम चेसिस करते. कारागीर मंडळी तिला 'चासी' म्हणतात; आपण सांगाडा म्हणू. जुन्या जीपच्या बाबतीत तर हा सांगाडा हीच खरी गाडी, बाकीचे सारे त्याच्यावर चढवलेले ओझे. तो गंजाने खाल्ला असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असो आणि इंजिन कितीही गोड चालो, त्या गाडीत माणसे बसवता येत नाहीत. ही गोष्ट पैसे देण्याआधी कळली तर तासाभराचे काम असते. पैसे दिल्यावर कळली तर वर्षभराची डोकेदुखी होते.

माझ्या भाच्याला ती पैसे दिल्यावर कळली. त्याची हकीकत सांगतो, कारण ती कोणाचीही होण्यासारखी आहे.

हा मुलगा परळला एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. सुटी मिळाली की सह्याद्रीत भटकायचे, हा त्याचा नाद. चारही चाकांना ताकद देणारी एखादी जुनी उघडी गाडी घ्यावी, असे त्याच्या मनात बरेच दिवस होते. नवी घेणे ऐपतीबाहेरचे. शेवटी एका दलालाकडे त्याने अठरा वर्षांची एक गाडी पाहिली. हिरवा रंग नुकताच दिलेला, टायर नवे, इंजिन चावी फिरवताच सुरू होई. गाडी घाटावरची आहे, तिने पाणी पाहिलेले नाही, असे दलालाने सांगितले. खाली डोकावून पाहिले तर सारे काळेभोर आणि तुळतुळीत. दोन लाख साठ हजारांना सौदा झाला. त्यातले एक लाख माझ्या बहिणीने आपल्या फंडातून काढून दिले. गणपतीला सगळ्यांनी याच गाडीतून कोकणात जायचे, असा घरात बेत होता.

जुलै महिन्यात सायलेन्सर खडखडू लागला, म्हणून त्याने गाडी ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. मीही बरोबर होतो. गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री दिवा घेऊन खाली उतरले आणि बराच वेळ काही बोलेनात. मग त्यांनी छोटी हातोडी मागितली. पुढच्या भागावर ठोकले तेव्हा ठणठण आवाज आला. मागे मागे सरकता सरकता आवाज बदलला आणि लोखंड बद्द वाजू लागले. मागचा पाटा सांगाड्याला जिथे अडकवलेला असतो, तिथे त्यांनी पेचकस टेकवून जरा दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तसा त्या भोकातून लाल खपल्यांचा चुरा पडला, आणि पाठोपाठ करडी वाळू. वाळूत शिंपल्यांचे बारीक तुकडे होते.

"अरे, ही गाडी घाटावरची नव्हे," मिस्त्री म्हणाले. "हिने समुद्र पाहिलाय. चांगला पोटभर पाहिलाय."

"काका, वेल्डिंग करून भागेल ना?" भाच्याने विचारले.

"ते मागाहून बघू. आधी एक ऐक. हिला चालवत घरी नेऊ नकोस."

मिस्त्री असे का म्हणाले, हे समजण्यासाठी या गाडीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या बहुतेक लहान मोटारींना निराळा सांगाडा नसतो. त्यांची पत्र्याची पेटीच अशी घडवलेली असते, की भार तीच सोसते. जीप, ट्रक आणि खडकाळ वाटेसाठी केलेल्या पुष्कळशा गाड्या यांची रीत जुनी आहे. दोन लांब पोलादी तुळया पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जातात आणि आडव्या पट्ट्या त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. शिडी जमिनीवर आडवी टाकावी तसा हा आकार, म्हणूनच याला लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीचा सांगाडा, म्हणतात. या शिडीवर पुढे इंजिन बसते, खाली पाटे आणि चाके लागतात, वर बॉडी बोल्टांनी बसवतात. स्टिअरिंगची पेटीही हिलाच आवळलेली असते आणि ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हिच्याच कडेने मागे जातात.

एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरले, की ही शिडी पिळवटते. चांगले पोलाद हा पीळ हजारो वेळा सोसते. परंतु तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून एक मिलिमीटर उरला असेल, तर तो कोणत्या वळणावर दगा देईल हे सांगता येत नाही. पाट्यापाशी तुळई तुटली तर मागची दोन्ही चाके तिरकी होतात आणि गाडी आपल्या मनाने एका बाजूला ओढते. स्टिअरिंगच्या पेटीपाशी तुटली तर हातातले चाक फिरेल, पण गाडी वळेलच असे नाही. आता हे कशेडीच्या घाटात, पावसात, गाडीत पाच माणसे असताना घडले तर? मिस्त्रींना तेच दिसत होते.

अशा गाड्यांशी मुंबईचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली जीप युद्धानंतर शेतावर आणि गावरस्त्यावर कामाला लागली. १९४९ साली माझगावच्या कारखान्यात जुळवलेली पहिली विलीज जीप बाहेर पडली. माझगाव म्हणजे आमच्या भोईवाड्यापासून तासाभराची पायपीट. पुढे सरकारी दौरे, पोलीस, पाटबंधारे, जंगलखाते, जिकडे रस्ता संपे तिकडे जीप जाऊ लागली, आणि 'जीप' हा शब्द मराठीत सगळ्याच उघड्या, दणकट गाड्यांना लागला. या गाड्या दणकट आहेत यात शंका नाही. परंतु दणकटपणाची ही ख्याती हाच खरेदीदाराचा सापळा होतो. "जीप आहे, तिला काय धाड भरणार?" असे म्हणून कोणी खाली वाकून पाहत नाही.

आता गंजाविषयी. लोखंड खाणीतून निघते ते लोखंड म्हणून नव्हे. ते प्राणवायूशी जखडलेल्या लाल मातीच्या रूपात असते. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण त्यातला प्राणवायू काढून टाकतो, तेव्हा धातू हाती येतो. संधी मिळताच तो पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे जाऊ लागतो. त्याचेच नाव गंज. या परतीच्या वाटेवर त्याला दोन सोबती लागतात, हवा आणि पाणी. कोरड्या हवेत ठेवलेला खिळा गंजत नाही. उकळून हवा काढून टाकलेल्या आणि बंद केलेल्या पाण्यातला खिळाही सहसा गंजत नाही. दोन्ही एकत्र आली की काम सुरू होते. आणि त्यात मीठ पडले, की ते झपाट्याने चालते. गंजणे ही मुळात विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाकडे अगदी सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि खारट पाणी त्या प्रवाहाला मोकळी वाट करून देते.

आपण म्हणाल, ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरही हवेचा परिणाम होतोच की. होतो, पण तिथे बनणारा थर घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, फुगतो आणि खपली होऊन सुटतो. खपली सुटली की खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा गंजू लागते. दिल्लीजवळ मेहरौलीला सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ आहे, तो फारसा का गंजला नाही, याचे पुष्कळांना कुतूहल असते. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे, आणि त्यामुळे त्याच्यावर पातळ, चिकट असा एक रक्षक थर तयार झालेला आहे. दिल्लीची कोरडी हवा त्याला मदत करते. मोटारीच्या पोलादात असा फॉस्फरस नसतो आणि मुंबईची हवा दिल्लीसारखी नाही.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत हवेतला दमटपणा लोखंडाला कोरडे होऊच देत नाही. तिन्ही अंगांना समुद्र, त्यामुळे वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात. त्यात आमचे हिंदमाता. दादर-परळकडचा हा सखल भाग मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की तुंबतो, हे मुंबईकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि शहरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन, पुसून, गाद्या बदलून पुन्हा बाजारात येते. गादीचा वास जातो. सांगाड्याच्या पोटात शिरलेला चिखल मात्र तसाच राहतो.

हे पोट कोणते, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. पुष्कळ गाड्यांच्या तुळया नळीसारख्या पोकळ, चौकोनी असतात. पाणी निचरून जावे म्हणून त्यांना खालून भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की तुळईचा हौद होतो. पाणी आत साचते, चिखल ओला राहतो, आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरच्या रंगाला धक्काही लागलेला नसतो. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी पळवण्याची हौस असणाऱ्यांच्या गाड्यांत तर चिखलाच्या जागी खारी वाळू भरते. आमच्या भाच्याच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

हा केवळ जुन्या किंवा हलक्या गाड्यांचा रोग आहे, असेही समजू नका. थंड देशांत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात, आणि ते खालून गाडीला चिकटते. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या काही मालवाहू गाड्यांचे सांगाडे गंजू लागल्याच्या तक्रारी झाल्या. २००८ साली कंपनीने जुन्या टॅकोमा गाड्यांसाठी सांगाड्याची हमी वाढवून दिली. पुढे २०१६ साली सुमारे पंधरा लाख गाड्यांविषयीच्या दाव्यात तिने तडजोड केली; तपासणी करून गरज पडेल तिथे सांगाडे बदलून देण्याचे त्यात ठरले, आणि त्या तडजोडीची किंमत तीन अब्ज चाळीस कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. एवढी नाणावलेली गाडी गंजू शकते, तर तिसऱ्या हाताची जुनी जीप का गंजणार नाही?

तर मग पाहायचे कसे? यासाठी मोठी विद्या नको. बाजारात मडके घेताना आपल्या आया-बहिणी ते टिचकी मारून पाहतात. ठण वाजले तर पक्के, बद्द वाजले तर तडकलेले. चेसिसची परीक्षाही तशीच आहे. सोबत एक दिवा, छोटी हातोडी, बोथट पेचकस आणि लोहचुंबक एवढे न्या. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्यायला सांगा. मालकाने किंवा दलालाने त्याला नकार दिला, तर तिथेच नमस्कार करून परत या. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

खाली गेल्यावर दोन्ही तुळया पुढून मागपर्यंत हलक्या हाताने ठोकत या आणि आवाज ऐका. मागच्या पाट्यांचे जोड, सगळ्यात मागची आडवी पट्टी, बॉडीचे बोल्ट जिथे बसतात ते कान, आणि पुढे स्टिअरिंगच्या पेटीची जागा, ही गंजाची आवडती ठिकाणे. तिथे पेचकस टेकवून दाबून पाहा. चांगल्या पोलादावर फक्त ओरखडा उमटतो. पत्र्यावर पत्रा चढवून वेल्डिंग केलेले दिसले, तर खालचा पत्रा का झाकावा लागला हे विचारा. निचऱ्याच्या भोकात तार घालून पाहा, काय बाहेर येते ते चिमटीत घ्या. वाळू आली, तर गाडी कुठे फिरली हे तीच सांगेल. चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लोखंड नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ताज्या काळ्या रंगाला भुलू नका. अठरा वर्षांच्या गाडीच्या खालच्या अंगावर थोडी धूळ, थोडे तेल, थोडा वरवरचा तांबूस गंज असायचाच. तो असला तर घाबरण्याचे कारण नाही. तारेच्या ब्रशने घासला की निघतो आणि खाली घट्ट लोखंड लागते. भीती आहे ती खपल्यांची, फुगलेल्या जोडांची आणि भोकांची. जुन्या गाडीचे पोट नव्या नवरीसारखे नटलेले दिसले, तर ते कोणी आणि कशासाठी नटवले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. भाच्याने तो विचारला नाही. खरे सांगायचे तर, त्या दिवशी सोबत गेलेल्या मीही विचारला नाही.

आणखी एक गोष्ट. चेसिसचा क्रमांक सांगाड्यावर ठोकलेला असतो. तो आर.सी. बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. गंजाने तो पुसट झाला असेल किंवा त्या जागी घासल्याच्या खुणा असतील, तर आर.टी.ओ.त गाडी नावावर करताना अडचण येईल. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. पण नोंदणी वाढवून मिळालेली आहे म्हणून सांगाडा शाबूत आहे, असे गृहीत धरू नका. कागद स्वच्छ असणे आणि लोखंड शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच विमा आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. मोटारीच्या नेहमीच्या विम्यात झीज आणि गंज यांची भरपाई मिळत नाही.

समजा, एवढे होऊनही गाडी घेतली गेली आणि गंज नंतर सापडला. तर पहिले काम म्हणजे गाडी थांबवा. दुसरे काम, काहीही दुरुस्त करण्याआधी छायाचित्रे घ्या, आणि मिस्त्रींकडून काय सापडले ते तारखेसह लिहून घ्या. विकणाऱ्याने गाडीविषयी जे सांगितले होते ते मोबाइलवरच्या संदेशांत असेल, तर ते पुसू नका. मग त्याला लेखी कळवा.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचे सर्वसाधारण धोरण, खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत, असे आहे. माल तुम्ही तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. १८७२ चा करार कायदाही नुसत्या गप्प बसण्याला सहसा लबाडी म्हणत नाही. परंतु माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे, याला त्याच कायद्याचे १७ वे कलम लबाडी म्हणते. भोकावर पुट्टी भरून काळा रंग चढवणे आणि वर गाडी घाटावरची म्हणून सांगणे, हे गप्प बसण्यापेक्षा फार पुढचे आहे. अर्थात कोणी झाकले आणि त्याला काय ठाऊक होते, हे सिद्ध करावे लागते. म्हणून तर छायाचित्रे आणि संदेश जपायचे. विकणारा हा गाड्यांचा धंदा करणारा असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही लागत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्ला घेता येतो. तुमच्या-आमच्यासारख्या एखाद्या गृहस्थाने आपली स्वतःची गाडी विकली असेल, तर मात्र वाट दिवाणी न्यायालयाची.

आता दुरुस्तीचे. गंज थोड्या जागेत असेल, तर सांगाडा वाचतो. तिथला कुजलेला पत्रा घट्ट लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा जाणत्या वेल्डरकडून बसवायचा, आणि मग आतून-बाहेरून रंग व मेण द्यायचे. कुजक्या पत्र्यावर नुसती पट्टी चिकटवणे म्हणजे किडक्या दातावर सोन्याची टोपी घालणे. बाजारात गंज काळा करणारी औषधे मिळतात. ती गंजाचे रूपांतर टिकाऊ थरात करतात हे खरे, पण गेलेली जाडी ती परत आणत नाहीत. दोन्ही तुळया कुजल्या असतील, तर सगळा सांगाडाच बदलावा लागतो. ते करायचे तर आधी आर.टी.ओ.ला विचारा, कारण गाडीची ओळख त्या सांगाड्यावरच्या क्रमांकात असते.

आणि ज्यांच्या गाड्या अजून धडधाकट आहेत त्यांच्यासाठी. समुद्रकाठी किंवा तुंबलेल्या पाण्यात गाडी गेली, की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. निचऱ्याची भोके मोकळी ठेवा. पावसाळ्याआधी तुळयांच्या पोटात मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या. ओल्या चिखलावर मात्र काळा लेप देऊ नका. त्याने पाणी बाहेर राहण्याऐवजी आत कोंडते.

भाच्याच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. मिस्त्रींनी दोन दिवस तपासले. दोन्ही तुळया मागच्या बाजूला हातभर लांबीपर्यंत गेलेल्या होत्या आणि पुढचे दोन कानही सुटायला आले होते. "मी हात लावणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दलालाला बोलावले. जुन्या गाडीत असे चालायचेच, असे तो आधी म्हणाला. मग छायाचित्रे पाहिल्यावर त्याने दुसरी तोड काढली. पुन्हा पुट्टी भरू, काळा रंग देऊ, पंधरा दिवसांत दुसरे गिऱ्हाईक आणतो, तुमचे पैसे सुटतील.

घरी त्या रात्री यावर बोलणे झाले. दोन लाख साठ हजार रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. भाचा म्हणाला, "मामा, मलाही असंच कुणीतरी विकलं ना?" मी गप्प बसलो. बहीण मात्र म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तू फसलास. आता ठाऊक आहे. आता विकलीस तर फसवणारा तू." करार कायदा तिने वाचलेला नाही, पण १७ व्या कलमाचा अर्थ याहून सोपा करून मला सांगता येणार नाही.

गाडी विकली नाही. वकिलाचे पत्र गेल्यावर, पुष्कळ खेटे घालून, दलालाकडून नव्वद हजार परत मिळाले. सरकारने २०२१ पासून जुन्या वाहनांसाठी नोंदणीकृत भंगार केंद्रांची सोय केली आहे. तिथे गाडी दिली आणि तसे प्रमाणपत्र घेतले, म्हणजे तो सांगाडा रंग लावून पुन्हा रस्त्यावर यायला नको. थोडे पैसे तिथूनही आले. बाकीचे गेले. गणपतीला आम्ही एस.टी.ने गेलो.

भाच्याचा जीपचा नाद सुटलेला नाही. तो पुन्हा गाड्या पाहतो आहे. मात्र आता तो आधी बॉनेट उघडत नाही. खिशातून हातोडी काढतो आणि पहिल्यांदा खाली वाकतो.